गरुड, बदकं आणि धुक्यातली हाक

देवाला हात जोडून झाले, आता तुम्हाला जोडतो, मंडळी! देव काही गाभाऱ्यातून उठून जाणार नाही — तुमचा मात्र भरवसा नाही! तेव्हा जरा सरकून बसा, मांडी मोकळी करा, आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.

मोठा कोण? ज्याला कधीच कोणाची गरज लागत नाही, तो? का अडचणीत सापडल्यावर ज्याला हाक मारता येते, तो?

हां! बघा, कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतले म्हणतात पहिला, मागून बाया म्हणतात दुसरा. आणि आमचे मृदंगवाले दाजीबा? ते काहीच म्हणत नाहीत. त्यांना फक्त माझं बोलणं कधी थांबतं एवढंच पाहिजे! थांबा दाजीबा, थांबा. आज मी तुम्हाला गरुडाची आणि बदकाची गोष्ट सांगणार आहे. पंखांचे गरुड-बदक नव्हेत — माणसंच. मी त्या गावात तीन दिवस मुक्कामाला होतो, आणि ज्या बाईनं मला हे सांगितलं ती स्वतः त्या डोंग्यात, म्हणजे छोट्या लाकडी होडीत, बसलेली होती. तिच्या हातची तांदळाची भाकर खात खात ऐकलंय मी हे!

तर मंडळी, ऐका.

आपल्या पूर्वेकडे, धानाच्या मुलखात, सोनझरी नावाचं एक गाव. गावाला लागून भलामोठा तलाव. केवढा? या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं तर पल्याडचं गाव मुंगीएवढं दिसतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे एक बेट, आणि पाण्यात जुन्या बुडालेल्या झाडांचे खुंट. गाव ढिवरांचं. मासे धरणारी माणसं. पाण्यातच वाढलेली.

या गावात होता उदाराम. तिशीतला. उंच, छाती अशी, आणि डोळे? अहो, काय सांगू! पाळीवर उभा राहून सांगायचा — "त्या बेटाजवळ रोहू उसळला." लोक जाळं घेऊन जायचे, आणि रोहूच निघायचा! पण स्वभाव कसा? एकट्याचा. एकटा जाणार, एकटा जाळं टाकणार, एकटा येणार. बोलायचा नाही, हसायचा नाही, आणि कोणाला काही मागायचा तर मुळीच नाही. घराचं छप्पर एकट्यानं शाकारलं. कौलं चढवताना बायको म्हणाली, "शेजाऱ्याले हाक मारते, खालून देईल तो." तर म्हणतो कसा — "काहून? मले दोन हात नाहीत काय?"

दुसरा कोण? उदारामच्या मोठ्या बहिणीचा नवरा — गोमाजी. घरजावई! हसू नका. हसू नका हो, इथंही दोन-तीन बसलेत, मला माहीत आहे! गोमाजी ठेंगणा, पोट पुढं, चाल अशी डुलत डुलत. आणि तोंड? सकाळी उघडलं की झोपल्यावरच बंद! बायको कौतिकाबाई म्हणायची, "झोपल्यावरही बंद नसते जी, घोरते." गोमाजीनं बदकं पाळली होती. चाळीस-पन्नास. सकाळी तो पुढं, मागं बदकांची रांग, आणि दोघांचाही एकच उद्योग — बोलणं! तो त्यांना आदल्या दिवसाच्या सगळ्या भानगडी सांगायचा, आणि ती "क्वॅक क्वॅक" करून हुंकार भरायची.

आता या दोघांना नावं कशी पडली, ते ऐका. गावच्या शाळेच्या मैदानावर एकदा शहरातून एक व्याख्याते आले. जाकीट, काळा चष्मा, हातात माईक. म्हणाले, "मित्रांनो! जगात दोन प्रकारची माणसं असतात — गरुड आणि बदकं! बदक नुसतं ओरडतं, तक्रार करतं, चिखलात राहतं, कळपात चालतं. गरुड? गरुड एकटा उडतो! वादळाच्याही वर जातो! गरुड कधी कोणाला हाक मारत नाही! तेव्हा काय व्हायचं?"

गाव ओरडलं, "गरुऽऽड!"

आणि मंडळी, नेमक्या त्याच वेळी मैदानाच्या त्या टोकाकडून निघाली गोमाजीची बदकं! एकामागे एक, डुलत डुलत, थेट व्याख्यात्यांच्या पुढून — क्वॅक, क्वॅक, क्वॅक! शेवटी गोमाजी. माईकसमोर थांबला, हात जोडले, म्हणाला, "चालू द्या साहेब, आमचं पाण्याकडे जाणं होऊन राहिलं." मैदान हसून लोळलं! त्या दिवसापासून उदाराम झाला गरुड, आणि गोमाजी झाला बदक. उदारामनं ते नाव छातीवर घेतलं. गोमाजीनंही घेतलं — हसत. म्हणाला, "बरं झालं! बदकाले कोणी पिंजऱ्यात तर ठेवत नाही."

पण उदारामच्या मनात काय होतं? तुच्छता! गोमाजी बोलायला लागला की उदाराम उठून जायचा. वयानं मोठा, बहिणीचा नवरा — पण त्याला कधी "भावजी" म्हणून हाक मारली नाही. "ओ" म्हणायचा. फक्त "ओ"!

आता पौष महिना. उदारामची बायको सत्यफुला, दिवस भरलेले. पहिलंच बाळंतपण. एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, नेमाच्या आठ दिवस आधी. बाळंतपणाला मदत करणारी आरोग्यसेविका, आशाताई, राहायची पल्याडच्या गावात. गोमाजीनं तिला फोन लावला. ती म्हणाली, "ॲम्ब्युलन्स बोलावते, पण तुमच्या गावाकडचा पूल खोदून ठेवला आहे, गाडी तिकडे येणार नाही. डोंग्यानं पल्याड आणा. मी काठावर उभी राहते."

डोंग्यानं अर्ध्या तासाची वाट. रोजचीच. पण बाहेर बघतात तर — धुकं! मंडळी, असं धुकं की पाळीवर उभा राहिलेल्या माणसाला आपलेच पाय दिसेनात. तलाव होता की नव्हता तेच कळेना. नुसतं पांढरं!

गोमाजी म्हणाला, "उदाराम, मीबी येतो. दोन-तीन डोंगे संगं घेऊ. एकमेकाले हाका मारत जाऊ. धुकं लई हाये."

उदाराम म्हणाला, "या तलावातला एक एक खुंट मले ठाऊक हाये. तुमची वटवट ऐकत मी बायकोले नेऊ काय?"

एवढं बोलला, सत्यफुलाला डोंग्यात गोधडीवर निजवलं, कौतिकाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि उदारामनं वल्हं मारलं. दहा हातांवर डोंगा दिसेनासा झाला. घाईत स्वतःचा फोन? घरीच! चार्जिंगला लावलेला!

मंडळी, गरुडाचं बळ कशात? डोळ्यांत! आपल्याला दिसत नाही ते त्याला कोसावरून दिसतं. पण देवानं डोळ्यांपुढं पांढरा पडदाच धरला तर? काय करणार तो डोळा?

उदाराम वल्हवत राहिला. सरळ चाललोय असं त्याला वाटत होतं. थोड्या वेळानं एक खुंट लागला. त्या खुंटाला निळ्या जाळ्याचा फाटका तुकडा अडकलेला. बाजूनं काढला, पुढं गेला. पुन्हा वल्हवलं. पुन्हा खुंट. निळं जाळं! घाम यायला लागला — पौषाच्या थंडीत! आणि तिसऱ्यांदा खुंट लागला तेव्हा कौतिकाबाई म्हणाली, "उदाराम, हे जाळं मी तिसऱ्या वेळेस पाहून राहिली."

"चूप राह्य बाई. अंदाज घेऊ दे."

"अंदाज काय घेतो? आपण गोल फिरून राहिलो!"

इकडे सत्यफुलानं कौतिकाबाईचा हात असा दाबला की बांगडी पिचली. कौतिकाबाईनं हाका मारल्या. दोनदा, तीनदा. बाईमाणसाचा आवाज, सर्दीनं घसा बसलेला. धुक्यात विरून गेला. ती म्हणाली, "तू ओरड. तुझ्या छातीत दम हाये."

आणि उदाराम? गप्प.

का गप्प, मंडळी? विचार करा. बायको कळा देतेय. तलावात वाट चुकलीय. आणि हा गप्प का? कारण त्याला दिसत होतं शाळेचं मैदान. "गरुड कधी कोणाला हाक मारत नाही!" आपण ओरडलो तर उद्या पाळीवर लोक काय म्हणतील? हसतील! अहो, माणूस बुडायला लागला तरी आधी बघतो — काठावर कोण कोण उभं आहे!

आता आपण सोनझरीच्या काठावर येऊ. काठावर काय चाललंय? साडेआठला आशाताईचा फोन आला गोमाजीला — "अहो, गाडी येऊन उभी आहे. कुठे आहात? अजून कोणी आलं नाही!"

गोमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. दीड तास झाला होता! तो म्हणाला, "आशाताई, गाडीचा भोंगा वाजवायला सांगा. थांबू नका." आणि धावला! ते पोट, ती चाल — पण धावला! घराघरात जाऊन माणसं उठवली. सात डोंगे काढले.

लोक म्हणाले, "गोमाजी, या धुक्यात आपणच हरवलो तर?"

आता ऐका तो काय म्हणाला. हा आमचा बदकवाला! तो म्हणाला, "मी रोज पाहतो ना जी. धुक्यात माझी बदकं कधी हरवत नाहीत. काहून? पुढचं ओरडते, मागचं 'ओ' देते. मागच्याचा 'ओ' आला नाही, तर पुढचं थांबते. आपणबी तसंच करू. एक डोंगा पाळीजवळ. दुसरा तिथून, आवाज येईल एवढ्याच अंतरावर. मग तिसरा. आवाज तुटला की थांबायचं. मी सगळ्यात पुढं राहीन."

"तूच काहून पुढं?"

"माझ्याएवढं ओरडणारा गावात दुसरा कोण हाये?"

मंडळी, ज्या तोंडाला गाव इतकी वर्षं हसलं, त्या तोंडाच्या आधारानं सात डोंगे धुक्यात शिरले! "ए रेऽऽ!" — "ओऽऽ!" "ए रेऽऽ!" — "ओऽऽ!" माळ ओवल्यासारखी माणसं. दिसत कोणीच नव्हतं. पण एकही माणूस एकटा नव्हता.

तिकडे पल्याडून भोंगा वाजत होता. उदारामला तो ऐकू येत नव्हता का? येत होता! पण तो अडकला होता डोंगराच्या कोपऱ्यात. भोंगा या डोंगरावर आपटायचा, त्या डोंगरावरून परत यायचा. आवाज तीन बाजूंनी! जायचं कुठं? आणि भोंग्याला विचारता येत नाही हो, की बाबा, तू नेमका कुठला? भोंगा नुसता बोलतो, ऐकत नाही. माझ्यासारखा! — हसा, हसा. दाजीबा सगळ्यात मोठ्यानं हसले, लक्षात ठेवतो!

डोंग्यात सत्यफुला आतापर्यंत दात दाबून होती. आता तिनं डोळे उघडले, नवऱ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "तुमाले माझी लाज वाटते का तुमची?"

बस! एवढंच. कौतिकाबाई मला म्हणाली, "महाराज, माझ्या भावाच्या हातातलं वल्हं खाली पडलं."

उदाराम उभा राहिला. तोंडाभोवती हात धरले. आणि हाक मारली. कशी? तुम्ही गरुडाचा खरा आवाज ऐकलाय कधी? एवढा मोठा पक्षी, आवाज मात्र बारीक! शिट्टीसारखा! तसा उदारामचा आवाज निघाला — किरकिरा, फाटका. कधी सवयच नाही ना! पुन्हा मारली. तिसऱ्यांदा छाती भरून घेतली, आणि जो शब्द त्या तोंडातून आजवर निघाला नव्हता तो निघाला —

"भावजीऽऽऽ! ओ भावजीऽऽऽ!"

शांत. भोंगा. पुन्हा शांत. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज.

आणि मग, लांबून, अगदी लांबून —

"ओऽऽऽ! कौतिकेऽऽऽ! आज चहात साखर नव्हतीऽऽऽ!"

अहो, काय माणूस! सगळं गाव जीव मुठीत धरून बसलंय, आणि हा चहाची तक्रार करतोय! पण सांगतो तुम्हाला, ते ऐकून कौतिकाबाई रडली. हसत रडली. सत्यफुलाला म्हणाली, "आला गं माय! हा आवाज मी झोपेतबी वळखते." आणि बसलेल्या घशानं ओरडली, "डबा रिकामा होताऽऽ! कालच सांगितलं होतं आणाऽऽ!"

तो आवाज त्याच्यापर्यंत कसला पोचतोय! मग उदाराम ओरडला, "भावजी, ताई म्हणते डबा रिकामा होताऽऽ!"

गरुड! नवरा-बायकोच्या भांडणाचा निरोप्या झाला! आणि तिकडून विचारणा सुरू — "आता आवाज जवळ आला का दूर गेलाऽऽ?" "दूरऽऽ!" "आताऽऽ?" "जवळऽऽ! डाव्या हातालेऽऽ!" बोलता बोलता, विचारता विचारता, पांढऱ्यातून एक काळा ठिपका निघाला. डोंगा! आणि त्यात ते पोट!

गोमाजीनं डोंग्याला डोंगा लावला. उदाराम काही म्हणणार, तेवढ्यात गोमाजीच म्हणाला, "बोलणं मग करू. आधी पोरीले नेऊ." मग मागच्या सहा डोंग्यांना एकेक करून पुढं घेतलं. आता डोंगराच्या कोपऱ्याबाहेर आल्यावर भोंगा एकाच बाजूनं यायला लागला. त्या दिशेनं निघाले सगळे, ओळीनं, ओरडत.

पण काठ जवळ आला तसं नवं संकट! पल्याडच्या काठाशी खुंटच खुंट, पाण्याखाली वीतभर. धुकं जरासं विरळ झालेलं, पण बाकीच्यांना पाणी म्हणजे नुसतं करडं. उदाराम पुढं होऊन डोंग्याच्या टोकावर पालथा झाला. म्हणाला, "आता मले दिसते. माझ्या मागून या." "उजवीकडे... थांबा... आता सरळ..." आणि गोमाजी? गप्प! हो मंडळी, गप्प बसला! का? कारण आता डोळ्याची पाळी होती. बदकाला तेवढं कळत होतं!

काठ लागला. आशाताई गुडघाभर पाण्यात उभी होती. चौघांनी सत्यफुलाला गोधडीसकट उचललं, गाडीत ठेवलं. गाडी हलली, फर्लांगभर गेली, आणि थांबली. सगळे काठावर दगडासारखे उभे. उदाराम गाडीच्या दिशेनं धावत सुटला, त्याच्या मागून बाकीचे. आणि मग, मंडळी, त्या धुक्यात एक आवाज झाला.

"ट्यांऽऽऽ!"

पोरगी! सव्वातीन किलोची! बाळ, बाळंतीण, दोघी ठणठणीत. आशाताईनं दारातून मान बाहेर काढली, म्हणाली, "अहो, काय आवाज आहे हिचा!" आणि गोमाजी पोट धरून पाळीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "आमच्या घरची हाये जी!"

उदाराम तिथंच रस्त्यात खाली बसला. एवढा उंच माणूस, गुडघ्यांत डोकं घालून रडला. सगळ्या गावासमोर. आणि कोणीही हसलं नाही! ज्या हसण्याच्या भीतीनं तो इतका वेळ गप्प राहिला होता — ते हसणं जगात कुठं नव्हतंच, मंडळी! ते फक्त त्याच्या डोक्यात होतं.

पंधरा दिवसांनी उदाराम बहिणीच्या अंगणात आला. आभार मानायला आला होता, पण ते त्याला जमेना. बाजेवर बसला, चुळबुळला, वर बघितलं, खाली बघितलं. गोमाजीनं ओळखलं. त्यानं आपली नेहमीसारखी सुरुवात केली — कुठल्याशा लग्नात वरातीचा घोडा कसा पळाला, नवरदेव कसा लोंबकळला. एक घटका झाली, दोन झाल्या. उदाराम उठला नाही. गोमाजी दम घ्यायला थांबला, तेव्हा उदाराम म्हणाला, "मग? पुढं काय झालं, भावजी?"

कौतिकाबाई सांगते, "महाराज, यांनी पुढचं सांगितलंच नाही. उठून भावासाठी चहा ठेवला यांनी, दुप्पट साखर घालून."

आता मंडळी, घरी जाऊन म्हणू नका की महाराजांनी गरुडाला नावं ठेवली! छे! गरुड तर विष्णूचं वाहन. त्याला नावं ठेवणारा मी कोण? उंच उडा! लांबचं बघा! देवानं डोळा दिला असेल तर तो वापरा — त्या खुंटांमधून सात डोंगे डोळ्यानंच काढले ना! पण बदकाकडूनही शिका. बदक पाण्यात असतं, पण पाणी त्याच्या पंखाला चिकटत नाही. कळपाच्या कडेला झोपलेलं बदक एक डोळा उघडा ठेवून झोपतं — आतल्यांना निवांत झोप लागावी म्हणून! आणि त्याच्या त्या ओरडण्याला आपण तक्रार म्हणतो. अहो, ते विचारत असतं — आहेस ना? आहेस ना?

आणि आता तुमच्याकडे येतो. तिथं खांबाला टेकून बसलेले काका, तुमच्याकडे. मोबाईलमध्ये डोकं घातलेली तू, पोरी, तुझ्याकडे. आणि माझ्याकडेही. आपल्यातला प्रत्येक जण आज ना उद्या धुक्यात सापडतो. कोणाचं दुखणं, कोणाचा अबोला, कोणाचं आतल्या आत कुढणं. बाहेरून बघावं तर सगळे कसे ताठ! "कसं काय?" — "मजेत!" खोटं बोलता! रात्रभर डोळा लागलेला नसतो, आणि म्हणे मजेत! कोणाची लाज वाटते? भावाची? सुनेची? ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्या शेजाऱ्याची? मारा की हाक! "ओ" देणारा असतो हो, असतो! बहुतेक वेळा तो तोच असतो, ज्याच्या बडबडीला तुम्ही कंटाळलेले असता.

आणि हाक मारणं ही जर कमजोरी, तर आपण सगळे इथं जमून काय करतोय? हे टाळ कशाला? हा मृदंग कशाला? नामस्मरण म्हणजे काय हो? दिसत नसलेल्याला मारलेली हाकच ना! एकट्यानं मारली तर विरून जाईल म्हणून शेजारी बसून, एकमेकांच्या आवाजाला आवाज लावून मारतोय.

तेव्हा दाजीबा, उचला हात! झोपलेल्यांना जागं करा! आणि मंडळी, लाजू नका. आवाज फाटका असू दे, बसका असू दे, बेसूर असू दे. त्याला सूर नको आहे, त्याला तुम्ही कुठे आहात ते कळायला हवंय. भरा छाती —

विठ्ठऽऽऽल!

हे काय? एवढाच? या आवाजानं तर पहिला डोंगासुद्धा सापडायचा नाही! पुन्हा!